खोली क्रमांक १४ आणि मोकळा पैसा

पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवते. सव्वीस वर्षं झाली, त्यातली अकरा विभागप्रमुख म्हणून. रुजू झाले तेव्हा विभागात आम्ही चौघं होतो. तिघं एकामागून एक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. आता मी आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणारा एक मुलगा, एवढाच विभाग उरलाय. माझी चार वर्षं राहिली आहेत.

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी नोटीस निघाली. आमच्या विभागाची खोली क्रमांक १४ बीसीएच्या दुसऱ्या कॉम्प्युटर लॅबला द्यायची ठरली होती. सोमवारी जाऊन बघते तर आमची तिन्ही कपाटं पश्चिमेच्या व्हरांड्यात. तेव्हापासून मी स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसते. ग्रंथखरेदीसाठी चाळीस हजार मागितले होते, सहा हजार मिळाले. बीसीएला मात्र एसी बसले. संस्थेच्या सचिवसाहेबांना भेटायला गेले तर ते चारचौघांत म्हणाले, "मॅडम, तुमचा विभाग कॉलेजला देतो काय?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रडले.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बीसीएची समन्वयक माझी मैत्रीण. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिने आधी एका शब्दाने सांगितलं नाही. आता आमचं बोलणं बंद आहे. मी इतकी वर्षं मुलांना भाषा दिली, संस्कार दिले. ती मंडळी नुसती बटणं दाबायला शिकवतात आणि मान त्यांना!

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का? की विभागप्रमुखपदाचा राजीनामा देऊन मोकळी होऊ? खरेदी समिती, बजेट या गोष्टींकडे मी कधी लक्ष दिलं नाही. आपण बरं, आपलं शिकवणं बरं, असं वाटायचं. काय करावं ते सांगा.

— मराठीची एक प्राध्यापिका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर

मॅडम,

तुमचं पत्र वाचताना मी त्या व्हरांड्यातल्या कपाटांपाशी बराच वेळ थांबलो. अशीच कपाटं एकदा मी बाहेर काढायला लावली होती.

मी तेव्हा रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो. १९९०च्या दशकातली गोष्ट, मार्चचा दुसरा आठवडा. प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातले थोडे शिल्लक आहेत, ३१ तारखेच्या आत खर्ची पडले नाहीत तर परत जातील, कोणाचा प्रस्ताव तयार आहे? माझा होता. नवे तराजू घ्यायचे, त्यांना वारा आणि हादरा न लागणारी बंदिस्त खोली हवी, तिचा आराखडा, तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, असं सगळं फाइलला लावून मी दिवाळीपासून वाट बघत होतो. प्रयोगशाळेला लागून होती ती खोली इतिहास विभागाची. दोन दिवसांत ती रिकामी झाली. इतिहासाच्या सरांकडे भिंतीवर लावायचे मोठे नकाशे होते, कापडावर चिकटवलेले, वर-खाली लाकडी दांड्या असलेले. शिपायाने ते गुंडाळले, सुतळीने बांधले आणि जिन्याखाली उभे करून ठेवले.

जूनमध्ये जिन्याच्या झरोक्यातून पावसाचं पाणी आत आलं. सरांनी एक दिवस माझ्यासमोर मराठेशाहीच्या विस्ताराचा नकाशा उलगडला. खालचा हातभर भाग काळा पडला होता, आणि तंजावरचा सगळा मुलूख कापडापासून सुटून त्यांच्या हातात आला. ते काही बोलले नाहीत. नकाशा पुन्हा गुंडाळला, सुतळी बांधली आणि वर्गावर गेले. त्यानंतर ते आमच्या चहाला कधी आले नाहीत.

माझं त्यांच्याशी वैर नव्हतं. तराजू खरोखर लागणारच होते, पुढे मुलांच्या कितीतरी तुकड्या त्यांवर वजन करायला शिकल्या. आमच्या विषयाला महत्त्व आहे म्हणून आम्हाला मिळालं, असं मी त्या वेळी मनाशी धरलं होतं. नंतर प्राचार्य झालो, बजेट माझ्या टेबलावरून जायला लागलं, तेव्हा समजलं की विषयाचा त्यात काही संबंधच नव्हता. प्राचार्यांच्या हातात त्या महिन्यात मोकळा पैसा होता, आणि त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे कागद तयार होता. इतिहासाच्या सरांकडे नव्हता. त्यांना कोणी विचारलंही नाही, आणि ही माझ्याकडची चूक मी आजही माझ्या पदरात धरतो. मी त्यांच्या खोलीत जाऊन "सर, असं असं चाललंय" एवढं सांगू शकलो असतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाची सुरुवात मी मोकळ्या पैशापासून करतो.

सचिवसाहेबांनी विचारलं, विभाग देतो काय. उत्तर आकड्यांत देता येतं. तुम्ही सहयोगी प्राध्यापक असाल, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तुमचं मूळ वेतन १,३१,४०० रुपयांपासून सुरू होतं. नुसतं तेवढंच धरलं तरी वर्षाचे १५,७६,८०० रुपये झाले. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. हा पैसा राज्य शासन देतं, कारण तुमच्या विषयाला मुलं आहेत, तासांचा मंजूर कार्यभार आहे आणि त्यावर मंजूर पद आहे. तुम्ही चौघं होतात तेव्हा तुमच्या एका विभागापोटी शासनाकडून येणारी रक्कम केवढी असेल, ते मांडून बघा.

मग ती सचिवांना दिसत कशी नाही? कारण तो पैसा बांधील आहे. शासनाकडून निघतो तो पगार म्हणून थेट तुमच्यापर्यंत येतो. त्यातला एक रुपया संस्थेला इकडचा तिकडे करता येत नाही. विनाअनुदानित अभ्यासक्रमाच्या फीचं तसं नसतं. ती संस्थेच्या खात्यावर जमा होते. त्यातून शिक्षकांचे पगार भागवून जे उरतं त्यातून एसी आणायचे, की कंपाउंडची भिंत बांधायची, की रखडलेलं वीजबिल भरायचं, हे ठरवायला तिथे वाव असतो. आणि कॉलेजात बांधील दहा रुपयांपेक्षा मोकळा एक रुपया मोठ्याने बोलतो. सचिवांच्या मनात तुमच्याविषयी आकस असेलच असं नाही. ज्या पैशावर त्यांची सही चालते तेवढाच त्यांना पैसा वाटतो, इतकंच.

हे पूर्वी इतकं तीव्र नव्हतं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि फीवर चालणारं उच्च शिक्षण ही गोष्ट रुळली. पण आपल्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजांना त्याची झळ खरी लागली ती २००१ नंतर, नवी कॉलेजं आणि नवे अभ्यासक्रम 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर द्यायचं धोरण आलं तेव्हा. एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली दोन घरं झाली. एका घरात पगाराची हमी, पण हातात पैसा नाही. दुसऱ्या घरात पैसा, पण हमी नाही. तरीही काही वर्षं तुमच्यासारख्या विभागांना एक तिसरी वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजनांतून पुस्तकांना, उपकरणांना, चर्चासत्रांना, छोट्या संशोधन प्रकल्पांना पैसे मिळायचे. रक्कम थोडी असे, पण ती विभागाच्या नावाने येई, आणि खोलीतल्या कपाटावर रंगाने विभागाचं नाव लिहिण्याचा हक्क तिच्यातून मिळे. बारावी योजना २०१७ साली संपली आणि तो ओघ आटला. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, राज्यात प्राध्यापक भरती थांबवली गेली. पुढच्या वर्षी ती थोड्या जागांपुरती खुली झाली. म्हणजे बाहेरून येणारा पैसाही गेला आणि माणसंही गेली. तुमचा विभाग चारावरून एकावर आला तो बीसीएमुळे आलेला नाही, हे कृपया लक्षात घ्या.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येतो. पत्रातली ही बाजू मला सर्वांत नाजूक वाटली आणि इथे मी तुमच्या बाजूने पूर्ण उभा राहू शकत नाही.

तुमच्या लेखी बीसीए म्हणजे श्रीमंत घर. पण त्या घरात राहणाऱ्या माणसाची स्थिती काय असते ती मी प्राचार्य म्हणून जवळून बघितली आहे. विनाअनुदानित विभागातल्या शिक्षकांचे नेमणुकीचे आदेश पुष्कळ ठिकाणी वर्षावर्षाचे, काही ठिकाणी अकरा महिन्यांचे असतात. पगार तुमच्या निम्मासुद्धा असेलच असं नाही. फी तिच्या विभागाच्या नावाने जमा होते, पण शिल्लक किती राहिली हे तिला बहुधा कोणी सांगत नाही. पैसा जिच्या नावावर येतो तिच्या हातात तो असतोच असं धरून चालू नका. समन्वयक हे पद दारावरच्या पाटीपुरतं असतं. आणि २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहेत. प्रवेशाला सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा आली, पहिल्या वर्षी एक सीईटी पुरली नाही म्हणून दुसरी घ्यावी लागली, तरी अनेक कॉलेजांत जागा रिकाम्या राहिल्या. परिषदेची मान्यता म्हणजे लॅब किती, संगणक किती, जागा किती याचा हिशोब. दुसरी लॅब दाखवा नाहीतर मान्यतेचं बघा, असा निरोप तिच्याकडे आला असण्याची शक्यता मला फार वाटते. वर्ग भरले नाहीत तर पहिला आदेश तिचाच थांबणार. अशी माणसं तोंड उघडायला घाबरतात. तिने तुम्हाला सांगायला हवं होतं, यात वाद नाही. पण तिने सांगितलं नाही त्यामागे तुमच्याविषयी अनादरच होता, हे तुम्ही धरून बसलात ते घाईचं आहे.

आणि तुमचं ते 'बटणं दाबायला शिकवतात' हे वाक्य. मॅडम, ते मनातूनसुद्धा काढून टाका. मला ते वाचून वाईट वाटलं. तिच्या वर्गात बसणारी मुलं तुमच्याच तालुक्यातली, उसाच्या आणि सोयाबीनच्या घरांतली आहेत. बापाने कर्ज काढून त्यांची फी भरलेली असते. तुमच्या बीएच्या वर्गातली मुलंही त्याच घरांतली. एकाच घरातला थोरला बीसीएला आणि धाकटी बीएला, असंही दिसेल. आपल्या विभागाचं मोठेपण सांगताना दुसऱ्याचं काम हलकं करायला लागलो की मागणीतला जीवच जातो. बैठकीत असलं वाक्य एकदा तोंडून गेलं, की पुढची चारही वर्षं तुमची कुठलीही रास्त मागणी 'मॅडमना कॉम्प्युटरवाल्यांचा राग आहे' या एका शेऱ्यात गुंडाळली जाईल.

तेव्हा पहिलं काम, तिच्याकडे डबा घेऊन जा. स्टाफरूममध्ये नको, तिथे भिंतींना कान असतात. तिच्या लॅबमध्ये, म्हणजे तुमच्या जुन्या खोलीतच जा. अवघड जाईल, तरी तिथेच जा. खोलीचा विषय सरळ काढा: "मला वाईट वाटलं, तू आधी सांगितलं नाहीस याचं जास्त वाटलं. पण तुझ्यावर काय आलं होतं तेही मला सांग." एवढं बोलून गप्प बसा आणि ऐका. ती काय सांगेल त्यावरून तुमच्या पुढच्या कागदाची निम्मी मांडणी ठरेल. लॅब सकाळच्या सत्रात रिकामी असते का? तिच्या मुलांचे भारतीय भाषेचे तास कोण घेतं? नव्या शैक्षणिक धोरणात इंग्रजीबरोबर एका आधुनिक भारतीय भाषेचे श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत. तुमच्या बीएच्या मुलांना युनिकोडमधून मराठी टंकलेखन, मुद्रितशोधन शिकवायला संगणक लागतात, आणि तिच्या मुलांना अॅपमधला मजकूर धड मराठीत लिहिता येत नाही. ही देवघेव दोघींनी मिळून मांडली तर ती कोणाला नाकारता येणं कठीण. एकच सावधगिरी ठेवा. विनाअनुदानित वर्गावर घेतलेले तास अनुदानित कार्यभारात आपोआप येत नाहीत. ते कोणत्या खात्यावर लिहिले जाणार, हे प्राचार्यांकडून आधी लेखी घ्या, तोंडी शब्दावर तासाला उभ्या राहू नका.

दुसरं काम कागदाचं. सव्वीस वर्षं तुम्ही 'आपण बरं, आपलं शिकवणं बरं' म्हणालात. आपल्या पिढीच्या चांगल्या शिक्षकांची ही सवय मला ठाऊक आहे आणि तिच्यामागची निष्ठाही ठाऊक आहे. पण खरेदी समिती, ग्रंथालय समिती, वेळापत्रक समिती ही कारकुनी कामं आहेत असं समजून चांगली माणसं बाजूला राहिली, आणि तिथे कोण बसलं ते तुम्ही आता बघताय. वेळापत्रक करणारा माणूस कोणाला सकाळी पहिला तास द्यायचा आणि कोणाला दुपारी शेवटचा, हे ठरवतो. शेवटच्या तासाला एसटीची वेळ झालेली असते, मुली निघून जातात, वर्ग रिकामा दिसतो, आणि मग 'मराठीला मुलं बसत नाहीत' असा शेरा पडतो. एखाद्या विभागाचं बळ असंही कमी होतं, एक रुपयाचं बजेट न कापता.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा तुमच्या कॉलेजला लागू आहे. त्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे प्रमुख, प्राचार्य सदस्य-सचिव. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन सदस्य तिच्यात असतात, त्यांत किमान एक महिला. शिवाय प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, बाहेरची चार माणसं, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी. वर्षाला किमान चार बैठका. कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करायची ती याच समितीने. म्हणजे सहा हजार की चाळीस हजार हे ठरण्याची कायदेशीर जागा सचिवांची केबिन नसून ही समिती आहे. तुमच्या कॉलेजात ती कागदावरच असेल, बैठक आधी सह्यांची वही फिरवून उरकली जात असेल, तरीही ती आहे. तिच्यातले तुमचे तीन निवडून दिलेले प्रतिनिधी कोण, हे तुम्हाला माहीत आहे का? मला शंका आहे, म्हणून विचारतोय. नसेल तर उद्याच विचारा. त्यांच्यापैकी एकाला तरी चहाला बोलवा.

त्यांना आणि प्राचार्यांना द्यायला एक पान तयार करा. दोन नको, एकच, कारण दुसरं पान कोणी वाचत नाही. गेल्या तीन वर्षांत प्रथम, द्वितीय, तृतीय वर्षाला मराठी घेतलेली मुलं किती. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (खुल्या निवडीचा विषय) आणि भाषेचे श्रेयांक धरून आठवड्याचे एकूण तास किती, आणि ते घेणारी माणसं किती. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. तुम्ही किती घेताय ते शेजारी लिहा. ग्रंथपालांकडून देवघेवीच्या नोंदी घ्या. माझा अनुभव असा की तालुक्याच्या कॉलेजात सगळ्यात जास्त फिरणारी पुस्तकं मराठीचीच निघतात, आणि हा आकडा बैठकीत कोणीच कधी ठेवलेला नसतो. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनाच्या वेळी पूर्णवेळ शिक्षक, पीएच.डी., शोधनिबंध या रकान्यांत तुमचं नाव होतं का, तेही एका ओळीत लिहा. सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आपोआप आलं. वर वेगळा टोमणा लिहू नका. शेवटी मागणी, रकमेसह: पुस्तकं इतक्या रुपयांची, यादी सोबत जोडली आहे. बसायला आणि कपाटं ठेवायला बंदिस्त जागा, अमुक तारखेपर्यंत. आणि तिसरी, रिक्त पदांची, जिच्यावर मी थोड्या वेळाने येतो.

हे पान केव्हा द्यायचं यालाही महत्त्व आहे. आपलं शैक्षणिक वर्ष जूनला सुरू होतं, पैशाचं एप्रिलला. बहुतेक विभागप्रमुख जूनमध्ये मुलं आली की जागे होतात, तोवर अंदाजपत्रक बांधून झालेलं असतं. पुढच्या वर्षाचं काही हवं असेल तर कागद दिवाळीच्या आसपास आत गेला पाहिजे आणि त्याची आवक क्रमांकासह पोच हातात असली पाहिजे. शिवाय कोटेशनसह एक छोटा प्रस्ताव कायम तयार ठेवा. मार्च अखेरीला शिल्लक निघतेच, आणि त्या आठवड्यात ज्याची फाइल तयार तो घेऊन जातो. मी घेऊन गेलो होतो ते तुम्हाला सांगितलंच.

बैठकीची विषयपत्रिका नीट वाचायला तुमच्या प्रतिनिधींना सांगा. सगळ्यात शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' अशी ओळ असते. खोल्या त्या ओळीत जातात. तुमची खोली १४ कोणत्या ठरावाने गेली, ते इतिवृत्तात आहे का बघायला हवं. ठरावच नसेल, नुसती नोटीस असेल, तर पुढच्या बैठकीत 'विभागांच्या जागांचं वाटप' हा विषय रीतसर ठेवायला सांगा. मागणी 'माझी खोली परत द्या' अशी न करता 'सर्व विभागांच्या जागांचा एक तक्ता समितीपुढे ठेवावा' अशी करा. तक्ता आला की कोणत्या खोल्या आठवड्याला सहा ताससुद्धा वापरल्या जात नाहीत, हे कोणी न बोलता दिसतं. आणि खोली जाण्याची भीती वाटणारे इतर विभागही तुमच्या मागे उभे राहतात, भूगोल, इतिहास, हिंदी, उद्या वनस्पतिशास्त्रसुद्धा.

खोली १४ परत मिळेल का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. एकदा वायरिंग झालं, एसी बसले, की लॅब हलत नाही. तिच्यासाठी पुढची चार वर्षं घालवू नका. तुमचं बळ तीन रिक्त पदांमागे लावा. खोली दुसरी मिळते. मंजूर पद कार्यभाराअभावी एकदा गेलं की ते परत आणायला कोणाचीही हयात पुरत नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी विभागात एकही कायम माणूस नसेल, तर मराठी विभाग नावाची गोष्ट तुमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या त्या एका मुलाच्या पिशवीत राहील. बिंदुनामावली, म्हणजे पदांच्या आरक्षणाचा तक्ता, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतली आहे का, रिक्त पदांचा प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात शेवटचा कधी गेला, त्यावर त्रुटी काय निघाल्या, हे कार्यालयीन अधीक्षकांना विचारा. रागाने नको. त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा. पुष्कळदा प्रस्ताव शासनाने नाकारलेला नसतो, एखादं परिशिष्ट लावायचं राहिलेलं असतं आणि पाठपुरावा करणारं कोणी नसतं. दर वर्षी प्रवेशाच्या वेळी मायनर आणि ओपन इलेक्टिव्हसाठी मुलं ओढायला विभागप्रमुखांची जी रेटारेटी चालते, तिथेही उभ्या राहा. तुम्हाला ते कमीपणाचं वाटेल. पण प्रत्येक नाव म्हणजे कार्यभाराचा तुकडा आहे. विषय चांगले ठेवा, मुलं येतात. त्या तासिका तत्त्वावरच्या मुलालाही या सगळ्यात सोबत घ्या. विभागाची सगळ्यात मोठी गरज तोच आहे, आणि तुमच्या पत्रात त्याच्याविषयी अर्धं वाक्य आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आत्ता टाकू नका. अनुदानित कॉलेजला तो कायदा लागू आहे, तुमचा हक्कही आहे. पण आपल्याच कार्यालयावर अर्ज टाकला की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दार अर्धं लागतं. समितीत मागून, लेखी स्मरणपत्र देऊन, तरी कागद दाखवलेच नाहीत, तर मग जरूर टाका, आणि तेव्हा मीच तुम्हाला मसुदा करून देईन. वर्तमानपत्र, विद्यार्थी संघटना, निनावी पत्रं यांतलं काहीही नको. भाषा गौरव दिनी व्यासपीठावरून सचिवांना टोला मारावा असा मोह होईल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा उल्लेख करून आमच्या विभागाची ही दशा असं बोलावंसं वाटेल. ते भाषणात न बोलता त्या एका पानाच्या प्रास्ताविकात एका ओळीत लिहा, तिथे ते उपयोगी पडेल.

राजीनामा तर अजिबात देऊ नका. विभागप्रमुखाला वेगळा पैसा मिळत नाही, मान आता कमी झाला असेल, पण मागणीपत्रावरची सही तिचीच लागते. ती सही गेली की चाळीसाचे सहासुद्धा कोणी मागणार नाही.

सचिवसाहेबांना पुन्हा भेटाल तेव्हा एकट्या जाऊ नका, मैत्रिणीला बरोबर घेऊन जा, दोघींचा एकत्र प्रस्ताव हातात घेऊन. अशा संस्थांमधली ही मंडळी वाईट नसतात, मॅडम. अनेकांनी स्वतःच्या जमिनी कॉलेजला दिल्या आहेत, शासनाचं अनुदान लांबलं तेव्हा घरातलं घातलं आहे. त्यांना दोन विभाग भांडताना बघायची सवय आहे. दोन विभाग एका कागदावर सह्या करून आलेले त्यांनी फारसे पाहिलेले नसतात.

आणि ती कपाटं. आजच डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या सामानाची नोंदवही काढून त्यांची नोंद मराठी विभागाच्या नावावर आहे ना, ते बघून घ्या; नसेल तर जागा बदलली तशी ती मालकीही बदलेल. मग शिपायाला बोलवा, त्या मुलाला हाताशी घ्या, आणि संध्याकाळच्या आत तिन्ही कपाटं ग्रंथालयात किंवा कुठेही छपराखाली सरकवा. तुमचा व्हरांडा पश्चिमेचा आहे, आणि परतीचा पाऊस अजून यायचाय.